ठेव कोणाच्या भरवशावर? सुदुंबऱ्यापासून बांजुलपर्यंत बँकांचा एक धडा



मावळ तालुक्यातील सुदुंबरे हे गाव संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळे ओळखले जाते. संताजी व्यवसायाने तेली. घाण्यावर तेल काढून विकणारा हा माणूस शेजारच्या देहूच्या तुकोबांचा टाळकरी झाला आणि त्यांचे अभंग लिहून ठेवणारा म्हणून अजरामर झाला. तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळानंतर कर्जाची कागदपत्रे त्यांनी धाकट्या भावाशी वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. याच पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांच्या वाड्यांतून कर्जरोखे बाहेर काढून जाळले. १९०४ साली देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, त्याची पार्श्वभूमी हीच होती. सावकाराच्या दारी जाण्याची वेळ येऊ नये म्हणून लोकांनी आपापला पैसा एकत्र करून पतपेढ्या आणि बँका उभ्या केल्या.

म्हणजे आपल्या भागात प्रश्न नेहमी कर्जदाराच्या बाजूने विचारला गेला. कर्ज कोणाकडून घ्यावे? व्याज किती? गहाण काय? त्याच्या उलट बाजूचा प्रश्न मात्र आपण फारसा विचारत नाही. आपण बँकेत पैसे ठेवतो तेव्हा कर्ज देणारे आपण असतो आणि घेणारी बँक असते. मग ज्याला आपण कर्ज दिले त्याची पत आपण तपासली का?

आज चाकण आणि तळेगावच्या औद्योगिक वसाहतींमुळे या पट्ट्यात पैशाची उलाढाल वाढली आहे. कोणाच्या जमिनीचे पैसे आले, कोणाचे गॅरेज चालू लागले, कोणी बेकरी वाढवली, कोणी फॅब्रिकेशनचा कारखाना टाकला. हा पैसा कुठेतरी ठेवावाच लागतो. म्हणून आजच्या पाठात चार गोष्टी पाहू. बँक आपल्या ठेवीचे काय करते? ती बुडते कशी? बुडाली तर आपल्याला काय मिळते? आणि आपण आधीच कोणती काळजी घ्यावी?

बँकेची चोपडी

बँकेचा हिशेब आपल्या दुकानाच्या हिशेबापेक्षा फार वेगळा नाही. एक छोटी बँक घ्या. सभासदांचे भागभांडवल व राखीव निधी मिळून १० लाख रुपये आणि लोकांच्या ठेवी ९० लाख रुपये. एकूण १०० लाख. यातील ३० लाख तिने रोख आणि सरकारी रोख्यांत ठेवले आणि ७० लाख कर्जाऊ दिले.

आता ७० लाखांपैकी ७ लाखांचे कर्ज बुडाले असे समजू. ठेवीदाराला काही कळतही नाही, कारण हा तोटा भांडवलातून भागतो. १० लाखांचे भांडवल ३ लाखांवर येते, पण ठेवी शाबूत राहतात. मात्र १४ लाख बुडाले तर १० लाखांचे भांडवल संपून वरचे ४ लाख ठेवीदारांच्या पैशातून जातात. बँक उघडी असते, पाटी तीच असते, शिपाई तोच असतो, पण आतून ती नादार झालेली असते.

दुसरी गोष्ट. एकही कर्ज बुडालेले नाही, पण सगळे ठेवीदार एकाच आठवड्यात पैसे मागायला आले, तरीही ही बँक अडचणीत येते. तिच्याकडे हाताशी ३० लाखच आहेत. बाकीचे ७० लाख कोणाच्या घरात, कोणाच्या यंत्रात, कोणाच्या मालात अडकलेले आहेत.

यावरून दोन शब्द लक्षात ठेवावेत. पहिला भांडवल, म्हणजे तोटा सोसण्याची उशी. दुसरा रोखता, म्हणजे मागताक्षणी देण्याची ताकद. बँकेच्या तब्येतीच्या सगळ्या चर्चा शेवटी याच दोन शब्दांवर येऊन थांबतात.

भुईमुगाचा देश

हा हिशेब एका अख्ख्या देशात कसा घडला ते पाहण्यासारखे आहे. पश्चिम आफ्रिकेत गांबिया नावाचा एक चिमुकला देश आहे. एका नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेली ही जमिनीची पट्टी. क्षेत्रफळ सुमारे ११ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही कमी. लोकसंख्या अंदाजे २४ लाख, त्यातील ९० टक्क्यांहून अधिक मुसलमान. राजधानी बांजुल. ब्रिटिशांकडून स्वातंत्र्य मिळाले १८ फेब्रुवारी १९६५ रोजी. १९७१ साली मध्यवर्ती बँक स्थापन झाली आणि त्याच वर्षी दलासी हे स्वतःचे चलन आले.

या देशाचे मुख्य नगदी पीक भुईमूग. शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायट्या होत्या आणि त्या सर्वांचा मिळून एक मोठा सहकारी संघ होता. तोच बियाणे व खते उधारीवर देई आणि तोच शेंगा खरेदी करी. आपल्याकडे विविध कार्यकारी सोसायटी आणि खरेदी-विक्री संघ जसे चालतात, साधारण तसेच. या संघाला व सरकारी महामंडळांना पैसा पुरवणारी एक सरकारी बँक १९७२ साली निघाली. गांबिया व्यापारी व विकास बँक असे तिचे नाव.

हेतू चांगला होता. परकीय बँका बंदरावरच्या व्यापाऱ्यांना कर्ज देत, खेड्यातल्या शेतकऱ्याला नाही. ती उणीव ही बँक भरून काढणार होती. परंतु तिची बरीचशी रक्कम मोजक्याच दारांत गेली. दुष्काळाची वर्षे आली, जागतिक बाजारात शेंगांचे भाव पडले आणि संघाकडून परतफेड थांबली. वसुलीसाठी कडक होणे राज्यकर्त्यांच्या सोयीचे नव्हते, कारण कर्जदार म्हणजेच मतदार. जुने कर्ज फिटले नसताना नवे कर्ज देऊन खाते चालू दाखवले गेले. १९८५ साली देशाची अर्थव्यवस्था इतकी खालावली की सरकारला आर्थिक पुनर्रचनेचा मोठा कार्यक्रम हाती घ्यावा लागला. त्या वेळी या बँकेची चोपडी उघडली तेव्हा ती केव्हाच नादार झाल्याचे दिसले.

अखेर १९९२ साली सरकारने बुडीत कर्जे वेगळी काढून ती बँक मेरिडियन बियाओ या आफ्रिकाभर शाखा असलेल्या खाजगी समूहाला विकली. लोकांना वाटले, आता मोठा धनी आला, चिंता मिटली. पण १९९५ साली तो समूहच कोसळला आणि अनेक देशांतील त्याच्या बँका एकापाठोपाठ अडचणीत आल्या. बांजुलच्या शाखांचा कारभार मध्यवर्ती बँकेला हाती घ्यावा लागला आणि पुढे १९९७ साली त्यातूनच ट्रस्ट बँक नावाची नवी बँक उभी राहिली. म्हणजे एकाच खिडकीवरच्या ठेवीदाराने पाच वर्षांत तीन पाट्या पाहिल्या.

यातून दोन धडे निघतात. एक, सरकारी असो वा खाजगी, बँकेची सगळी भिस्त एका कर्जदारावर असेल तर तो बसला की बँक बसते. दोन, मालक मोठा आहे म्हणून बँक भक्कम आहे असे होत नाही. पुढे गांबियाने बँकांच्या किमान भांडवलाची अट वाढवत नेली. २००० नंतर नायजेरियातील बँकांनी तेथे शाखा काढल्या आणि आज तेथे डझनभर बँका आहेत. त्यांत शरीअतच्या तत्त्वावर चालणारी एक बँकही आहे.

सामान्य गांबियन माणूस, विशेषतः बाजारातील स्त्रिया, आजही आपली बचत मोठ्या प्रमाणात ओसुसुमध्ये ठेवतात. दहा-वीस जणींनी दर आठवड्याला ठराविक रक्कम जमा करायची आणि पाळीपाळीने एकेकीने सगळी उचलायची. आपल्या वाचकांना हे नवे वाटणार नाही. ही तर आपली भिशीच.

आपल्या अंगणातील गोष्ट

परदेशाची गोष्ट ऐकून 'ते आफ्रिकेत झाले' असे म्हणणे सोपे आहे. पण आपल्या महाराष्ट्राचा अनुभव काही वेगळा नाही.

१९६० साली दोन बँका कोसळल्या. एक केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि दुसरी आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक. हजारो कुटुंबांची पुंजी अडकली. त्या धक्क्यातूनच १ जानेवारी १९६२ पासून देशात ठेव विमा सुरू झाला. सुरुवातीला संरक्षण होते फक्त १,५०० रुपयांचे.

पुण्याची रुपी को-ऑपरेटिव्ह बँक १९१२ साली स्थापन झालेली. पुण्यातील मध्यमवर्गीय, पेन्शनर, छोटे दुकानदार यांची ती विश्वासाची बँक होती. बुडीत कर्जांमुळे फेब्रुवारी २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि ठेवीदारांना पैसे काढणे जवळजवळ बंद झाले. विलीनीकरणाच्या वाटाघाटी होत राहिल्या, मोडत राहिल्या. शेवटी सप्टेंबर २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. मधली नऊ वर्षे! कोणाच्या मुलीचे लग्न, कोणाचे ऑपरेशन, कोणाचे दुकान या नऊ वर्षांत अडले असेल याचा विचार करावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये पिंपरीच्या सेवा विकास को-ऑपरेटिव्ह बँकेचाही परवाना रद्द झाला. ही तर मावळच्या उंबरठ्यावरचीच बँक. त्याआधी मे २०२१ मध्ये पुण्याच्याच शिवाजीराव भोसले सहकारी बँकेचे तसेच झाले होते.

मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेची कथा तर गांबियाच्या कथेची सख्खी बहीण शोभावी. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले. पहिल्या दिवशी सांगितले गेले की सहा महिन्यांत खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील. चौकशीत उघड झाले की बँकेच्या एकूण कर्जाच्या ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहात अडकली होती आणि ते लपवण्यासाठी हजारो बनावट खाती दाखवली होती. ठेवी होत्या ११ हजार कोटींच्या वर. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन करण्यात आली. ज्यांच्या ठेवी पाच लाखांपेक्षा जास्त होत्या त्यांची वरची रक्कम टप्प्याटप्प्याने, काहींची दहा वर्षांपर्यंत परत करण्याचे ठरले.

तेथे भुईमुगाचा संघ, येथे इमारतींचा ठेकेदार. नावे बदलली, चोपडी तीच.

सर्वच सहकारी बँका वाईट असतात असा याचा अर्थ मुळीच नाही. कारागिराला नावाने ओळखणारी, दुकानात येऊन माल पाहून कर्ज देणारी बँक सहसा सहकारीच असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत रोकड अफरातफर उघडकीस आली, तेव्हा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिला सामावून घेणारी सारस्वत बँक ही सहकारीच होती. सहकार हा दोष नाही. एका दारात सगळे कर्ज ओतणे आणि ते लपवणे हा दोष आहे.

ठेव विमा: नेमके काय मिळते?

ठेव विम्याची मर्यादा १ मे १९९३ पासून १ लाख रुपये होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख रुपये झाली. याचा हप्ता बँक भरते, ठेवीदाराला काही द्यावे लागत नाही. १ सप्टेंबर २०२१ पासून आणखी एक मोठी सुधारणा झाली. पूर्वी परवाना रद्द होईपर्यंत थांबावे लागे, म्हणून रुपी बँकेच्या ठेवीदारांची इतकी परवड झाली. आता बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आले की ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद आहे. या तरतुदीमुळे रुपी बँकेच्या ठेवीदारांनाही परवाना रद्द होण्यापूर्वीच विम्याचे शेकडो कोटी रुपये मिळाले.

परंतु या ५ लाखांचे नियम बारकाईने समजून घ्यावेत.

१) मर्यादा एका व्यक्तीला, एका बँकेत मिळून आहे. त्याच बँकेच्या चाकण शाखेत एक खाते आणि तळेगाव शाखेत दुसरे असले तरी दोन्ही एकत्रच मोजतात.

२) मुद्दल आणि त्यावरचे व्याज मिळून ५ लाख.

३) बचत, चालू, मुदत, आवर्ती या सर्व ठेवींना संरक्षण आहे.

४) एकट्याच्या मालकीच्या दुकानाचे खाते आणि त्याच मालकाचे घरगुती खाते हे एकच समजले जाते. भागीदारी पेढीचे खाते मात्र वेगळे. पती-पत्नीचे संयुक्त खातेही वेगळे धरतात.

५) बँकेचे आपल्याकडे काही देणे असेल तर ते आधी वळते केले जाते.

उदाहरण घेऊ. एका बागवानाची एकाच बँकेत बचत २ लाख, मुदत ठेव साडेतीन लाख आणि दुकानाच्या नावे चालू खात्यात दीड लाख, असे एकूण ७ लाख आहेत. त्याच बँकेचे दीड लाख कर्जही आहे. बँक बंद पडली तर ७ लाखांतून दीड लाख वजा होतील, राहतील साडेपाच लाख. विम्यातून मिळतील ५ लाख. उरलेले ५० हजार बँकेची मालमत्ता विकून काही उरले तर, आणि उरेल तेव्हा. त्याने साडेतीन लाखांची मुदत ठेव दुसऱ्या बँकेत ठेवली असती तर त्याचा एक पैसाही मर्यादेबाहेर गेला नसता. एवढ्या साध्या गोष्टीसाठी बँकेत एक फेरी लागते, दुसरे काही नाही.

विम्याच्या छत्राबाहेर काय?

येथेच आपल्या बांधवांची सर्वात मोठी चूक होते.

पतपेढी किंवा पतसंस्था ही बँक नव्हे. पाटी, काउंटर, पासबुक, पिग्मी गोळा करणारा मुलगा, सगळे बँकेसारखेच दिसते. पण ठेव विमा तिला लागू नाही आणि रिझर्व्ह बँकेची देखरेखही नाही. ती सहकार खात्याच्या कक्षेत येते. रोजच्या गल्ल्यातून पन्नास-शंभर रुपये पिग्मीत टाकणाऱ्या तांबोळ्याने, मणियाराने, पिंजाऱ्याने हा फरक नीट ध्यानात घ्यावा. पिग्मी जरूर चालवा, पण रक्कम साठली की ती बँकेत हलवा.

सहकारी बँकेचे शेअर ही ठेव नव्हे. कर्ज देताना बँक काही टक्के रकमेचे शेअर घ्यायला लावते. ते भांडवल आहे. तोटा झाला की सर्वात आधी तेच जाते. त्याला विमा नाही.

भिशीला तर कोणताच आधार नाही. चिठ्ठीची भिशी असो की लिलावाची, ती चालते एकमेकांच्या शब्दावर. चिट फंडासाठी १९८२ चा केंद्रीय कायदा आहे, पण बाजारातल्या भिशा त्याखाली नोंदवलेल्या नसतात. भिशी वाईट आहे असे नाही. दुकानाला रंग द्यायला, शिलाई मशीन घ्यायला ती उपयोगाची आहे. पण भिशीतील रक्कम तेवढीच असावी जेवढी बुडाली तर चूल बंद पडणार नाही. आणि भिशी चालवणाऱ्याकडे रक्कम महिनोन्महिने पडून राहत असेल तर ती भिशी राहिली नाही, ती ठेव झाली.

शेवटचा आणि सर्वात दुखरा प्रकार म्हणजे 'हलाल नफ्या'च्या नावाने चालणाऱ्या कंपन्या. बेंगळुरूच्या आयएमए कंपनीने व्याज नाही, नफ्यात भागीदारी असे सांगून लोकांकडून हजारो कोटी गोळा केले आणि जून २०१९ मध्ये ती कोसळली. पैसे लावणाऱ्यांत बहुसंख्य लोक छोटे मुसलमान दुकानदार, रिक्षावाले, निवृत्त लोक आणि विधवा होत्या. अनेकांनी दागिने मोडून पैसे लावले होते. खरी भागीदारी असेल तर कधी नफा, कधी तोटा होतो. आपल्याच दुकानात दरमहा सारखा नफा कधी झाला आहे का? जो माणूस दरमहा ठराविक आणि तोही भरघोस नफा देतो, तो व्यापार करत नाही. नंतर येणाऱ्याचे पैसे आधी आलेल्याला वाटतो, एवढेच. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ पासून आहे. पण कायदा पैसे गेल्यावर मालमत्ता जप्त करतो. गेलेली वर्षे तो परत देत नाही.

व्याज नको असेल तर?

आपल्यापैकी कित्येक जण व्याज घ्यायला नको म्हणून बँकेपासून दूर राहतात आणि रोकड घरात, दुकानाच्या गल्ल्यात किंवा ओळखीच्या माणसाकडे ठेवतात. त्यांच्यासाठी सांगायचे ते हे की चालू खात्यावर बँक व्याज देत नाही आणि तरीही त्या खात्याला ५ लाखांपर्यंतचा ठेव विमा पूर्ण लागू आहे. अमानत सुरक्षित राहावी एवढीच इच्छा असेल तर हा मार्ग आजही खुला आहे. चालू खात्यात किमान शिल्लक किती ठेवावी लागते ते मात्र आधी विचारून घ्यावे.

बिनव्याजी बँकेचा विचार आपल्या देशातही झाला आहे. २००८ साली रघुराम राजन समितीने त्याची शिफारस केली होती. पण हा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने घेतल्याचे २०१७ मध्ये माहितीच्या अधिकारातून समोर आले. म्हणून 'आमच्याकडे इस्लामी बँकेचा परवाना आहे' असे कोणी सांगत असेल तर तो परवाना दाखवा म्हणावे. आणि जेथे अशा बँका आहेत, जसे गांबियात, तेथेही हिशेबाचा नियम तोच आहे. कर्ज बिनव्याजी असो वा सव्याज, घेणाऱ्याने परत केले नाही तर ठेवीदाराचाच पैसा जातो. नावाने बँक सुरक्षित होत नाही, वसुलीने होते.

बँक तपासण्याची आठ कलमे

१) आपली संस्था बँक आहे की पतसंस्था, हे पासबुकावरचे पूर्ण नाव वाचून पाहा. ठेव विम्याची नोंदणी आहे का ते शाखेत विचारा. नोंदणी असेल तर तसा फलक लावलेला असतो.

२) सहकारी बँकेचे सभासद असाल तर वार्षिक सर्वसाधारण सभेला जा. चहा-बिस्किटासाठी नव्हे, अहवालासाठी.

३) अहवालात चार आकडे पाहा: ढोबळ एनपीए, निव्वळ एनपीए, भांडवल पर्याप्तता आणि लेखापरीक्षणाचा वर्ग. एनपीए दरवर्षी वाढत आणि भांडवल घटत असेल तर सावध व्हा.

४) सर्वात मोठ्या कर्जदारांकडे किती टक्के कर्ज आहे, आणि संचालकांच्या नातेवाइकांना किती दिले आहे, हे सभेत उठून विचारा. उत्तर टाळले गेले तर तेच उत्तर समजा.

५) शेजारच्या सर्व बँकांपेक्षा फार जास्त व्याज देणाऱ्या संस्थेकडे का देते असे विचारा. ज्याला बाजारात उधार मिळत नाही तोच जास्त भाव देतो.

६) एका बँकेत एका नावावर ५ लाखांच्या वर जाऊ नका. व्याज जमा होऊन मर्यादा ओलांडू नये म्हणून मुदत ठेव थोडी कमीच ठेवा.

७) आधार कार्ड आणि बँकेतील नाव एकसारखे करून घ्या. आपल्याकडे शेख, शेक, अब्दुल, अ. अशी एकाच माणसाची चार नावे चार कागदांवर असतात. विम्याचा दावा तपासताना नेमकी हीच अडचण येते.

८) वारसाचे नाव नोंदवा. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. जुनी विसरलेली खाती शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ साली 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू केले आहे. वडिलांच्या, आजोबांच्या नावाने एकदा तरी शोधून पाहावे.

तात्पर्य

बँकेत पैसे ठेवणे म्हणजे कर्ज देणे. आपण उधारीवर माल देताना गिऱ्हाइकाचे घर, धंदा, बोलणे, मागचा व्यवहार सारे पाहतो. शंभर रुपयांच्या उधारीसाठी जेवढी चौकशी करतो, तेवढी लाख रुपयांच्या ठेवीसाठी करत नाही. अकोल्यात १९६० साली, बांजुलमध्ये १९९२ आणि १९९५ साली, पुण्यात २०१३ साली आणि मुंबईत २०१९ साली ठेवीदारांना जे कळले ते उशिरा कळले.

आज रात्री दुकान बंद केल्यावर घरातील सगळी पासबुके, पावत्या आणि भिशीच्या वह्या एकत्र काढा. एका कागदावर तीन रकाने पाडा. पहिल्यात विम्याखाली असलेली रक्कम, दुसऱ्यात विम्याबाहेरची, तिसऱ्यात नुसत्या शब्दावर दिलेली. बेरीज करा. दुसरा आणि तिसरा रकाना पहिल्यापेक्षा मोठा निघाला, तर या आठवड्यात कोणते काम आधी करायचे ते कोणाला विचारावे लागणार नाही.

उजळणीसाठी प्रश्न

१) भांडवल आणि ठेव यांत तोटा आधी कोणाच्या वाट्याला येतो?
२) एकाच बँकेच्या दोन शाखांत मिळून ८ लाख असतील तर विमा किती?
३) पतसंस्थेतील पिग्मीला ठेव विमा लागू आहे का?
४) चालू खात्याला विमा आहे का?

उत्तरे: १) भांडवलाच्या. २) ५ लाख. ३) नाही. ४) होय.